दहा मिनिटं पुढे

वेलांटीरावांनी ठरवलं, उद्या सकाळी दहा मिनिटं जास्त झोपायचं. एवढाच काय तो बेत. त्यात कुणाचं काय बिघडणार होतं?

त्यांचं खरं नाव बिल्डिंगमधले लोक कधीच विसरले होते. रेल्वेच्या मुख्य कचेरीत, प्रवाशांसाठी निघणाऱ्या सूचनांची भाषा शुद्ध करणं हे त्यांचं काम. (सूचनेत म्हटलंय काय, हे बघणं दुसऱ्या टेबलाचं काम. त्यात ते नाक खुपसत नसत.) उद्या हेडक्लार्कच्या जागेसाठी त्यांची मुलाखत होती. मोठे साहेब सगळं खपवून घ्यायचे, उशीर तेवढा नाही. इकडे बायकोनं जिन्यात भेटेल त्याला "आमचे हे आता हेडक्लार्क होणार" असं सांगूनही टाकलं होतं.

घरी येताना त्यांनी स्टेशनवरचा नवा फलक वाचला. 'सकाळची जलद गाडी उद्यापासून दहा मिनिटे पुढे करण्यात येत आहे.' फलकाची भाषा त्यांना फारच आवडली. दोनदा वाचली.

"अगं, गजर दहा मिनिटं उशिराचा लाव," बूट काढता काढता ते म्हणाले. "गाडी पुढे गेली."

"मग लवकरचा लावायला हवा ना!"

"पुढे म्हणजे उशिरा."

"पुढे म्हणजे लवकर. स्वयंपाकघरातलं घड्याळ मी पुढे करून ठेवलंय, म्हणून तर तुम्ही रोज वेळेवर निघता."

"आणि लग्न पुढे जातं तेव्हा? आपलंच दोनदा पुढे गेलं होतं. लवकर झालं का?"

"नाही. तिसऱ्यांदा गेलं असतं तर बरं झालं असतं."

आवाज ऐकून आप्पा, म्हणजे वेलांटीरावांचे वडील, गॅलरीतून आत आले. "रांगेत जो पुढे, त्याचा नंबर आधी," ते म्हणाले. सून खूश झाली. "पण पुढचा महिना मात्र या महिन्यानंतर येतो." मुलगा खूश झाला. दोघांचंही समाधान करून आप्पा पुन्हा गॅलरीत पेपर वाचायला गेले.

"अहो, मग जुन्या वेळेच्याही आधी जा," बायको म्हणाली. "दोन्ही अर्थ सांभाळले जातील. बाकावर बसायला काय तिकीट पडतं?"

"प्रश्न बसण्याचा नाहीये. भाषेचा आहे," वेलांटीराव म्हणाले. तिनं कपाळावर हात मारला.

सकाळी ते तब्येतीत उठले, दोन कप चहा प्यायले, बुटांना पॉलिश केलं. निघताना बायको दारात हाताची घडी घालून उभी होती. एक अक्षर बोलली नाही. (तिचं बोलणं त्यांना कळायचं नाही, पण न बोलणं बरोबर कळायचं.)

स्टेशनवर पोचले तर गाडी केव्हाच निघून गेली होती. प्लॅटफॉर्मवर उरली होती ती सगळी 'पुढे म्हणजे उशिरा' वाली मंडळी. नंतरची गाडी प्रत्येक स्टेशनवर विसावा घेत जाणारी. वेलांटीरावांनी घड्याळ पाहिलं. हेडक्लार्कची खुर्ची डोळ्यांदेखत लांब चालली होती. मग त्यांचा असा काही संताप झाला, की सगळ्या मंडळींना मागे घेऊन ते थेट स्टेशनमास्तरांच्या खोलीत घुसले.

"हा मजकूर लिहिला कुणी? कुठल्या अडाण्यानं?"

"त्याला आणून उभा करा आमच्यासमोर!" मागून एक शिक्षिकाबाई कडाडल्या.

स्टेशनमास्तरांनी मुख्य कचेरीला फोन लावला. "हॅलो... हो... अस्सं?" मग रिसीव्हरवर हात ठेवून ते मंडळींना म्हणाले, "मूळ मजकुरात 'दहा मिनिटे लवकर सुटेल' असं सरळ लिहिलं होतं म्हणे. भाषा तपासणाऱ्या कारकुनानं 'लवकर' खोडलं. तो शब्द त्याला घरगुती वाटला."

वेलांटीरावांना अंधुक काहीतरी आठवायला लागलं. लाल पेन आठवलं. तो शब्द खोडताना झालेला आनंदही आठवला.

"नाव विचारा त्याचं!" बाई म्हणाल्या.

"जाऊ द्या हो," वेलांटीराव हळूच म्हणाले. "माणूसच आहे तो. पोराबाळांचा असेल."

"आत्ता कसे गप्प बसता? तुम्हीच तर आम्हाला घेऊन आलात!"

"नाव सांगून उपयोग नाही, बाई," स्टेशनमास्तर म्हणाले. "तो अजून कामावरच आलेला नाही. आज त्याची मुलाखत आहे, आणि मोठे साहेब घड्याळाकडे बघत बसलेत."

संध्याकाळी वेलांटीराव घरी आले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"मुलाखतीचं काय झालं?"

"पुढे गेली."

"कुठल्या पुढे? माझ्या की तुमच्या?"

वेलांटीरावांनी बूट काढले, नीट जोडीनं ठेवले.

"माझ्या," ते म्हणाले.