विठ्ठलरावांची पिवळी वायर

माझे साडू विठ्ठलराव यांनी मला फसवलं. हातगाडीवर वांगी विकण्यापासून मी स्वतःच्या मोटरपंपाच्या दुकानापर्यंत आलो, आणि आजवर सौद्यात कोणी मला गुंडाळलेलं नाही. यांनी ते एका सुती दुपट्ट्याने केलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बॅटरीवरची गाडी घेतली. तेव्हापासून एसी लावत नाहीत, बॅटरी खातो म्हणून. काच उघडू देत नाहीत, वारा गाडीला मागे ओढतो म्हणून. हॉर्न तर नाहीच, म्हैस आडवी आली की थांबून, डोकं बाहेर काढून तिला म्हणतात, "सरक व माय." बॅटरी दाखवणाऱ्या समोरच्या पडद्याला ऊन लागू नये म्हणून त्यावर कायम दुपट्टा. डिकीत लांबलचक पिवळी वायर. आणि तोंडी एकच वाक्य, "गाडीचं पाह्यलं पायजे, राजेहो."

त्या रविवारी आम्ही नालवाडीहून पुलगावला निघालो, आमचे जुने मित्र बबनराव यांच्याकडे. मागे माझी बायको आणि मुलगी. एक वाजता मला दुकान उघडायचं होतं, पंपाचं पक्कं गिऱ्हाईक येणार होतं. तसं मी निघण्याआधीच ठणकावून सांगितलं. विठ्ठलरावांनी मान डोलावली. मी ती कबुली समजलो.

देवळी आली आणि ते म्हणाले, बॅटरी उतरली. गाडी सरळ शंकररावांच्या अंगणात. हेही जुने मित्र. खिडकीतून पिवळी वायर स्वयंपाकघरात गेली आणि बाहेर खुर्च्या आल्या. पोहे झाले, चहा झाला, सोयाबीन झालं, शंकररावांच्या जावयाची पाठदुखी झाली, पुन्हा चहा झाला. विठ्ठलराव मधूनच उठत, वायरीला हात लावून येत आणि अजून वेळ आहे असं मोठ्या आनंदाने सांगत.

बारा वाजले तेव्हा माझं डोकं फिरलं. जन्म मोटरी जोडण्यात गेला आहे. स्वयंपाकघरात जाऊन बोर्ड पाहिला. वायर प्लगमध्ये होती. बटण बंद होतं. गाडीत जाऊन दुपट्टा ओढला. बॅटरी अठ्ठ्याऐंशी टक्के.

मी त्यांना गाडीमागे घेतलं. "विठ्ठलराव, मले काऊन फसवलं?"

"हळू बोला," ते म्हणाले. "नुसतं गेलं तं लोक दारातच इचारते, काय काम काढलं? आता माह्यं काम तं काईच नसते. चार्जिंग म्हटलं का खुर्ची टाकते. दोन-तीन तास कोणी ऊठ म्हनत नाई."

"अन् बटन?"

"त्याच्या घरची लाईट फुकट काऊन जाळू?"

माझी साळी, म्हणजे त्यांची बायको, गेल्याला तीन वर्षं झाली. कुठेही गेलं तरी बोलायची ती, हे नुसते शेजारी बसायचे.

मी दुपट्टा होता तसा घातला. पुलगावला बबनरावांनी उशीर का झाला विचारलं, तेव्हा मीच मोठ्याने सांगितलं, बॅटरी पार उतरली आहे, तीन तास तरी लागतील. वायर मी ओढली. बटण मी बंद ठेवलं. दुकान दिवसभर उघडलं नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, ते मी विसरलेलो नाही.

घरी आल्यावर बायकोने आठवण करून दिली. उन्हाळ्यात हेच विठ्ठलराव पिवळी वायर खांद्यावर घेऊन नालवाडीत आमच्या दारात उभे होते. आमच्या लाईनला हा लोड झेपणार नाही, असं मी उंबऱ्यातूनच सांगितलं आणि चार्जिंग स्टेशनचा रस्ता समजावून दिला. ते बरं म्हणाले आणि वायर गुंडाळत गेले. दुकान घराला लागूनच आहे, आणि त्याच लाईनवर मी गिऱ्हाइकांना पाच हॉर्सपॉवरची मोटर चालवून दाखवतो.

पंपाचं नुकसान सोडा. पण नालवाडीपासून पुलगावपर्यंत इतकी ओळखीची घरं, आणि एका माणसाला बसायला वायर दाखवावी लागते. याचा जाब मला हवा आहे. देवळीचा शंकररावांनी द्यावा, पुलगावचा बबनरावांनी. आणि नालवाडीचा कोणी द्यायचा, तेही कोणीतरी मला तोंडावर सांगा.