कडुलिंबाला एक फेरी

सामान बांधण्याचं शास्त्र पूर्णपणे अवगत असलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत, आणि त्यांतला एक कोल्हारात राहतो. हे मी गर्वाने म्हणत नाही. मी साखर कारखान्याच्या गोदामात कारकून आहे. पोत्याकडे नुसतं बघून वजन सांगतो. एकदाच चुकलो, पण त्या दिवशी पोतं ओलं होतं.

त्यामुळे एकाहत्तरच्या मे महिन्यात आमच्या शकूचं शाळेच्या शिबिराला जायचं ठरलं, तेव्हा तिचं सामान कोण बांधणार हा प्रश्नच नव्हता. शिबिर पुणतांब्याला, नदीकाठी, आठवडाभर. शकू नुकतीच आठवी पास झालेली. घराबाहेर एकटी कधी राहिलेली नाही. आमचा होकार मिळवायला ती संक्रांतीपासून झटत होती. आत्याची वेणी घालून दे, आईची धुणी वाळत घाल, एवढंच काय, तिने माझे पायसुद्धा चेपले होते.

"पण अण्णा, बाईंची एक अट आहे," ती म्हणाली. "ज्याचं ओझं त्याने उचलायचं. स्टँडवर सामान खांद्यावर घेऊन कडुलिंबाला एक फेरी मारायची. जमलं तर एस्टीत, नाही तर घरी."

"खरंच घरी पाठवतात?"

"मागच्या वर्षी मंडलिकांच्या रजूला पाठवली. ती अजून बाईंना बघून रस्ता बदलते."

या बाई म्हणजे पी. टी.च्या वाकचौरे बाई. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी दोन्ही असत, आणि गावाला धाक दुसऱ्या दागिन्याचा होता.

"तू एका हाताने उचलशील," मी शब्द दिला.

शेजारच्या सायकलवाल्या गनीभाईंकडून होल्डॉल आणला. निघायच्या दिवशी सकाळी तो ओसरीवर पसरला. एक गोधडी, एक चादर, एक उशी, दोन परकर-पोलकी, ताट-वाटी. पट्टे आवळले. शकूने तो एका हाताने उचलून दाखवला. मी घरादाराला जमवून जाहीर केलं, "यात आता टाचणीसुद्धा जाणार नाही."

"कशाला जाईल?" शकूची आई, आमची बनू, म्हणाली.

"पोरीला का हमाल करायचीय?" आमची थोरली बहीण राहीअक्का म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या गनीभाईंनी आणि त्यांच्या मुबारकबींनीही माना डोलावल्या. आमच्या ओसरीवर एवढं एकमत आजवर कधी झालं नव्हतं. शंका तेव्हाच यायला हवी होती.

कामावर निघण्यापूर्वी मी पट्टे तपासायला म्हणून होल्डॉल एकदा उघडला. त्यात एक बारीकशी वस्तू सरकवली. तिला सामान म्हणता येणार नाही.

चारला परत आलो तर होल्डॉल गाभण म्हशीसारखा दिसत होता. उन्हाने कापड फुगतं, असं मी बनूला समजावून सांगितलं. तिने ते फारच पटकन मान्य केलं. गनीभाईंच्या सायकलच्या कॅरिअरवर तो ठेवला, तेव्हा सायकलचं पुढचं चाक वर उचललं गेलं.

"भाऊसाहेब, पोरीला धाडताय का दुकान हलवताय?" गनीभाई म्हणाले. पुढे मी हँडल दाबून धरलं, मागे ते ढकलत होते, त्यांच्यामागे शकू आणि घरच्या बायका, आणि स्टँडपर्यंत आमची ही वरात निघाली.

एस्टी साडेपाचची होती. कडुलिंबाभोवती मुलींच्या फेऱ्या सुरू होत्या. शिट्टी, फेरी, शाबास. शिट्टी, फेरी, शाबास. मग शकूचा नंबर आला.

तिने एक हात घातला. मग दोन्ही घातले. मग गुडघे टेकले. होल्डॉल जागचा हलला नाही. शकूने बाईंकडे बघितलं नाही, कडुलिंबाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

बाईंनी तोंडातली शिट्टी काढली. "शकुंतला, पुढच्या वर्षी ये."

"बाई, जरा थांबा," मी म्हणालो. "सामान मी स्वतः बांधलंय. यात कुणीतरी हात मारलाय."

भर स्टँडवर पट्टे सोडले. सर्वांत वर लाकडी पाट निघाला.

अक्का पुढे आली. "मग काय झालं? परक्या ठिकानी पोर भुईवर बसून जेवंल व्हय?" पाटाखालची लोणच्याची बरणीही तिनेच ओळखली.

पाठोपाठ दुसरी गोधडी आणि लाडवांचा डबा आला. बनू पदराशी चाळा करत म्हणाली, "नदीकाठी पहाटे गारठा असतो."

"मे महिन्यात?"

"मे महिन्यात पहाट होत नाही का?"

नानकटाईचं पुडकं मुबारकबींचं होतं. "नुसता वास घ्यायला दिली हो," त्या म्हणाल्या. "भूक लागली की वासानं बरं वाटतं." त्याखाली कुलपासकट सायकलची साखळी निघाली. गनीभाई एस्टीच्या वेळापत्रकात एकदम रस घेऊ लागले.

मला आवेश चढला. गोदामात पोतं फाटल्यावर चढतो तसा. "लाज वाटत नाही तुम्हाला?" मी म्हणालो. "या मुलीने चार महिने घरात राबून ही परवानगी मिळवली. आठवडाभर तिच्यावर विश्वास टाकायचा, एवढंच आपल्याला करायचं होतं. मी बाप असून मन घट्ट केलं की नाही?"

तेवढ्यात होल्डॉलमधून घंटा वाजली.

बायका मागे सरल्या. कंडक्टर हातातला चहा सांडत आला. "आत काय हाय? आधी भाईर काढा ते."

उशीच्या खोळीत आमचं गजराचं घड्याळ होतं. मी ते पहाटे पाचला लावलं होतं. पाच संध्याकाळीही वाजतात, हे मला ठाऊक होतं. घड्याळाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही, हे त्या क्षणी सुचलं.

"पहाटे अभ्यासाला मीच उठवतो तिला," मी बाईंना सांगितलं. "दुसऱ्या कुणाच्या हाकेने ती उठत नाही. तिथे कोण…"

"आता ह्याला काय म्हनायचं?" अक्काने विचारलं. "घट्ट मन?"

बाईंनी स्टँडवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "एस्टीला अजून वेळ आहे. शकुंतला, तुझं तू बांध. घरच्यांनी हात मागे घ्या."

आम्ही पाचही जण हात मागे बांधून ओळीत उभे राहिलो. शकूने एक गोधडी, कपडे आणि ताट-वाटी तेवढी घेतली. घड्याळ माझ्या हातात दिलं. "तिथे बाई शिट्टी वाजवतात, अण्णा." नानकटाईच्या पुडक्याशी ती क्षणभर अडखळली. त्यातली एक तिने तिथेच खाल्ली, पुडकं मुबारकबींना परत दिलं आणि होल्डॉल खांद्यावर टाकला. कडुलिंबाला एक फेरी मारली. मग कुणी सांगितलं नसताना दुसरी मारली.

एस्टी गेली. उरलेलं सगळं आम्ही पाटावर रचून घरी नेलं.

त्या आठवड्यात घड्याळ रोज पहाटे पाचला वाजायचं. मी उठून सवयीने हाक मारायचो, "शकू, ऊठ." आतून अक्काचा आवाज यायचा, "ती न्हाई घरात. तू झोप."

आठवड्याने शकू परत आली. काळवंडली होती. खांद्यावरचा होल्डॉल तिने मला उचलू दिला नाही. जेवताना सगळ्यांच्या देखत मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, माझ्या हाकेशिवाय जाग यायची का?"

"रोज पाचला यायची, अण्णा. वाटायचं, तुम्हीच हाक मारताय."

मी अक्काकडे पाहिलं. बनूकडे पाहिलं. भाकरीचा घास सावकाश चावला. "मग काय करायचीस?"

"परत झोपायचे," शकू म्हणाली. "तिथे साडेसहाला उठवायचे."