दोरा बांधलेली मिरची

मिरची लावायला काही अक्कल लागत नाही, असं मी मुलाला आणि सुनेला ठणकावून सांगितलं होतं. आमची ही दरवर्षी गॅलरीतल्या कुंड्यांत तिच्या आईकडची मिरची लावायची. लांबट, जाड सालीची, तिखटाचा मागमूस नाही. बाजारात तसली मिळतच नाही. ही गेल्या वर्षी गेली. डबीत उरलेलं बी मी यंदा सगळंच्या सगळं पेरलं. थोडं मागे ठेवा, असं सून म्हणाली होती. मी म्हटलं, ठेवायला ते काय दागिने आहेत?

मी मायेने इतकं पाणी घातलं की निम्मी रोपं माना टाकून बसली. उरलेल्यांना शेजारच्या कंपाउंडरने सांगितलेलं खत घातलं. त्याने सांगितलं त्याच्या दुप्पट! शर्टावर इस्त्री विसरावी तशी रोपं करपली. वाचलं एक.

त्याला मिरच्या धरल्या आणि नवाच ताप सुरू झाला. बी धरायचं तर मिरची झाडावरच लाल होऊन सुरकुतायला हवी. मुलगा मात्र हिरवी दिसली की तोडायचा. रागावलो तर म्हणाला, वाया जाते म्हणून तोडतो. होता होता झाड मलूल झालं आणि एकच मिरची उरली. तिच्या देठाला मी दोरा बांधला. कशासाठी, ते कुणाला सांगितलं नाही. आपल्याच घरात किती वेळा तोंड वाजवायचं? रोज चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसायचो, डॉक्टरच्या दाराबाहेर बसावं तसा.

काल दुपारी सुनेने माझ्या एकट्याच्या ताटात परतलेली मिरची वाढली. तोंडात घातली. तीच चव.

"अगदी तिच्या हातची झालीय," मी म्हटलं.

सून हरखली. "बाबा, तुम्ही दोरा बांधलात तेव्हाच मी ओळखलं, ही तुम्हाला खायचीय. ह्यांना हात लावू दिला नाही. चांगली लाल होईपर्यंत थांबले."

"आणि बी?"

"काढून टाकलं सकाळीच. तुम्हाला बाधतं ना."

मी उठून ओट्याखाली पाहिलं. कचरेवाला येऊन गेला होता. डब्यात कोरी पिशवी घातलेली होती. तरी मी तिच्यात हात घालून चाचपलं.

परत येऊन बसलो. ताटात अर्धी मिरची उरली होती, तीही खाल्ली. टाकून काय करायची?

सून काळजीने बघत होती. "बाबा, माझं काही चुकलं का?"

"मीठ जरा कमी पडलंय," मी म्हटलं.