सिस्टर कार्मेलिन यांनी भरलेला फॉर्म

एका जंगलात एक कॅथलिक प्राथमिक शाळा होती. जंगलात अशी शाळा कशी, असं विचारू नका, बाळांनो. त्या जंगलात शाळांचं मूल्यमापनही व्हायचं!

मुख्याध्यापिका होत्या सिस्टर कार्मेलिन. बगळी होत्या. पांढऱ्याशुभ्र, कडक आणि मायाळू. त्यांच्या शाळेतली बासष्ट पिल्लं चौथीपर्यंत घडाघडा वाचू लागायची.

एके दिवशी राजवाड्यातून फॉर्म आला. शाळेने आपले गुणदोष स्वतःच लिहायचे. 'ड' श्रेणी मिळाली की शाळा बंद. मग पिल्लांनी नदीपलीकडे वानरांच्या शाळेत जायचं. नदीत मगर राहायची.

सिस्टर फॉर्म घेऊन चॅपेलमध्ये गेल्या. गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली आणि लिहू लागल्या.

'शिस्त: खारीचा कान मी रागाने ओढला. गणित: माझा भागाकार कच्चा आहे. ग्रंथालय: पुस्तकं वाचून वाचून फाटली. प्रार्थना: भूक लागली की लवकर उरकते.'

शाळेतले दुसरे शिक्षक ग्रेशस सर साळिंदर होते. वाचून त्यांचे होते नव्हते ते सगळे काटे उभे राहिले.

"सिस्टर, असं कुणी लिहितं का? सगळीकडे 'उत्तम' लिहा आणि मोकळ्या व्हा. वानरांनी तेच केलंय."

"खोटं लिहू? दोष कबूल केले की क्षमा मिळते, सर. तिसरीच्या पिल्लांनाही ठाऊक आहे."

मूल्यमापनाला तरससाहेब आले. शेजारच्या वर्गात पिल्लं मोठ्याने धडा वाचत होती. त्या आवाजात फॉर्म वाचता येईना, म्हणून साहेबांनी खिडकी लावून घेतली.

"ग्रंथालय फाटकं, भागाकार कच्चा. ड!"

"पण साहेब, मी सगळं कबूल केलंय," सिस्टर म्हणाल्या. "आता तुम्ही प्रायश्चित्त सांगायचं आणि क्षमा करायची."

"त्याला रकाना नाही," साहेब म्हणाले.

शाळेला कुलूप लागलं. सिस्टर ढसाढसा रडल्या. मलाही हे सांगताना वाईट वाटतं, पण इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी बासष्ट पिल्लं दप्तरं घेऊन नदीकाठी आली. मगरीने नुसती जांभई दिली. पिल्लं घरी परतली, ती कायमचीच.

वानरांच्या हजेरीपटावर मात्र बासष्टच्या बासष्ट रोज हजर असतात. शेरा: उत्तम.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोला. फॉर्म भरायचा असेल तेव्हा मात्र मोठ्यांना बोलवा.