धडा डोक्यात बसला

मुलांनो, एका जंगलात एक प्रयोगशाळा होती. दात काढू नका, तुमच्या वर्गापेक्षा तिथं शिस्त जास्त होती.

तिथले शास्त्रज्ञ साळिंदरराव. सुया पाठीवरच असल्यामुळे ते आपोआप शास्त्रज्ञ झाले होते. प्रजा आपले उपकार विसरते, अशी सिंहमहाराजांची तक्रार होती. म्हणून साळिंदररावांनी स्मरणशक्तीचं औषध काढलं आणि आधी उंदरांवर वापरून पाहायचं ठरवलं.

प्रयोग सोपा होता. उंदराला पाटावर ठेवायचं. तो खाली उतरला की जमिनीतून झटका बसे. दुसऱ्या दिवशी औषध टोचून पुन्हा पाटावर ठेवायचं. उंदीर बसला, म्हणजे धडा डोक्यात बसला. उतरला, म्हणजे विसरला. ज्याच्या लक्षात राहील त्याला घरी सोडणार होते.

पकडून आणलेल्यांत झिपरू उंदीर आणि त्याची बायको कोंडाबाई होती. त्यांची पिल्लं बिळात उपाशी होती.

झिपरूला औषध टोचलं. त्याचे पाय लुळे पडले, मान कलली. तो पाटावर कणकेच्या गोळ्यासारखा पडून राहिला. ही स्मरणशक्ती पाहून साळिंदररावांचे डोळे भरून आले.

कोंडाबाईला तुलनेसाठी नुसतं पाणी टोचलं होतं. समोर दार दिसत होतं. तिनं डोळे मिटून उडी घेतली, झटका खाल्ला आणि तशीच दाराकडे पळाली. शिपाई मांजरानं तिला धरून आणलं.

"कालचा झटका विसरलीस ना?" साळिंदररावांनी विचारलं.

"न्हाई इसरले, साहेब. शेपटी अजून ठणकतीय. पण पोरं उपाशी हाईत, ते बी आठवतंय."

साळिंदररावांना तिची फार कीव आली. इतकी विसराळू बाई त्यांनी पाहिली नव्हती. तिला पिंजऱ्यात घातलं.

झिपरूला हार घालून, उचलून घरी पोचवलं. पिल्लं त्याच्या अंगावर चढली, आई कुठाय म्हणून विचारू लागली. त्यानं एक डोळा उघडला.

"तुम्ही कुणाची?" तो म्हणाला.

महाराज खूश झाले. औषध पाणवठ्यात ओतलं आणि दरबार भरवला. आमच्याबद्दल कुणाला काही तक्रार आठवते का, असं त्यांनी विचारलं. कुणी जागचं हललं नाही. महाराजांनी शेजारचं हरीण खायला घेतलं, तेही हललं नाही.

फक्त पिंजऱ्यातून आवाज येत होता. पाण्याला तोंड न लावता कोंडाबाई गजांवर धडका देत होती आणि एकेका पिल्लाचं नाव घेत होती.

"हिला औषध द्या," महाराज म्हणाले. "हिला काहीच आठवत नाही."

तात्पर्य : ज्याला सगळं आठवतं, तो जागचा हलत नाही. चला मुलांनो, हाताची घडी, तोंडावर बोट.