काचेसारखी हवा

"काका, पसरू का?"

पलीकडच्या गच्चीवरून हमदियेनं हाक दिली तेव्हा अबुझेरकाका दक्षिणेकडे तोंड करून उभे होते, आणि समोर जे दिसत होतं ते त्यांना अजिबात पसंत नव्हतं.

प्रश्न मिरच्यांचा होता. सप्टेंबरात तुर्कस्तानातल्या उर्फामध्ये दुसरा प्रश्नच नसतो. लाल मिरच्या चिरायच्या, दिवसभर गच्चीवर उन्हात घालायच्या, संध्याकाळी तापलेल्या असतानाच पिशव्यांत कोंबून त्यांना घाम आणायचा, सकाळी पुन्हा पसरायच्या. असं आठवडाभर केलं की इसोत, म्हणजे इथली काळपट, तेलकट मिरची, तयार होते. ती नसेल तर या गल्लीत कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. फक्त तेवढे दिवस दक्षिणेच्या हरानच्या मैदानावरून धूळ येता कामा नये. एकदा का ओल्या मिरचीवर धूळ बसली, की वर्षभर दाताखाली कचकच.

काकांनी एकतीस वर्षं हवामान केंद्रात काढली होती. गल्लीतल्या बायकांचा मोबाईलवर काडीचा विश्वास नव्हता. काका रोज सकाळी गच्चीवर यायचे, टेकड्या बघायचे, कबुतरं बघायचे आणि एकच शब्द बोलायचे. "पसरा" किंवा "आवरा". निवृत्त झाल्यापासून हा शब्द एकदाही चुकला नव्हता.

आज टेकड्या जागेवर नव्हत्या. त्यांच्या ठिकाणी उंदराच्या रंगाचा एक पट्टा होता. शेजारची कबुतरं खुराड्यातून मान बाहेर काढून परत आत जात होती. अगदी शिकाऊ माणसानंही डोळे मिटून "आवरा" म्हटलं असतं.

पण दुपारी दोनला सेनेमचं विमान उतरणार होतं.

सेनेम ही काकांची एकुलती एक लेक. जर्मनीत नर्स. आई गेली तेव्हा आली होती, त्याला तीन वर्षं झाली. या खेपेला आठ दिवसांची रजा मिळाली होती. गेल्या साली अशाच धुळीत एक विमान उतरलंच नव्हतं, वरच्या वर इस्तंबूलला परत गेलं होतं. काकांना वाटलं, आता आपण तोंडानं "आवरा" म्हटलं तर धूळ नक्की होऊन बसेल. तसं म्हटलंच नाही, तर कदाचित धुळीलाही लाज वाटेल.

"काका, झोप लागली की काय उभ्या उभ्या? पसरू का?"

"पसरा," काका म्हणाले.

हमदियेनं पट्ट्याकडे बघितलं. "तिकडं जरा गढूळ दिसतंय हो."

"तुझे डोळे गढूळ झालेत! हवा काचेसारखी आहे. सगळ्या पिशव्या काढ. आजच्यासारखं ऊन पुन्हा मिळायचं नाही."

काका इतकं लांबलचक कधी बोलत नसत. हमदियेला वाटलं, आज ऊन खरंच काही विशेष असणार. एरवी ती निम्म्याच मिरच्या काढायची, आज तिनं पोतीच्या पोती रिकामी केली. तिचं बघून पुढच्या सहा गच्च्या लाल झाल्या. खालून रजया शिवणारा शेमसी ओरडला, "काका, लग्नाच्या रजईची लोकर धुतलीय. घालू का वर?"

एकदा घसरलेला माणूस मध्येच थांबत नाही. "घाल की! विचारतोस काय?"

शेमसीची गच्ची गल्लीच्या दक्षिण टोकाला होती, हे काकांना चांगलं माहीत होतं. पण त्यांचं सगळं लक्ष मोबाईलवर होतं. काल संध्याकाळी त्यांनी लेकीला तीनदा सांगितलं होतं, "हवा काचेसारखी आहे, बिनघोर ये." आता त्यांना ते स्वतःलाच पटवायचं होतं.

साडेदहाला धूळ आली. पितळी परातीला राख फासावी तसा सूर्य दिसू लागला. वाऱ्याच्या पहिल्याच झटक्यात शेमसीची वाळत घातलेली लोकर उठली आणि गच्च्या ओलांडत निघाली. ज्या मिरच्यांवर धूळ बसली नव्हती त्यांच्यावर लोकर बसली, आणि जिथं लोकर बसली तिथं धुळीला धरायला आधार मिळाला.

"आवरा गं! आवरा!"

सगळी गल्ली गच्चीवर धावली. दोन्ही हातांनी मिरच्या ओरबाडून पिशव्यांत कोंबणं सुरू झालं. डोळ्यांत धूळ गेली, म्हणून लोकांनी डोळे चोळले. कोणत्या हातांनी, ते सांगायला नको.

"अगं आई गं! मेले!"

"पाणी आणा, पाणी!"

"त्याच हातानं पाणी लावू नका हो!"

काका सगळ्यांच्या पुढं होते. अपराधी माणूस नेहमी दुप्पट कामाला लागतो. त्यांनी चार पिशव्या भरल्या, दोन्ही डोळे चोळले आणि मग जिन्यात बसून मोबाईल कानाला लावला. विमान कंपनीची बाई गोड आवाजात म्हणाली, उर्फाचं विमान रद्द.

काका जिन्यातच बसून राहिले. मिरच्यांचं त्यांना काही वाटेना. वरच्या खोलीत तिचा पलंग काल त्यांनी स्वतः घातला होता, तिच्या आईची निळी चादर शोधून काढून.

एक वाजता गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली. सेनेम उतरली आणि जागच्या जागी थिजली. गल्लीतल्या यच्चयावत बायका उंबऱ्यांवर बसून रडत होत्या. पुरुषांनी तोंडाला फडकी बांधली होती. शेमसीच्या दाढीला पांढरी लोकर चिकटली होती आणि तो भिंतीला कपाळ टेकून हुंदके देत होता. हमदियेनं तिला बघितलं, उठून गळ्यात पडली आणि आणखी जोरात रडली.

"तुझ्या बापानं काय केलं गं हे!"

सेनेमच्या हातातली बॅग गळाली. "बाबा!" तिनं अशी किंकाळी फोडली की जिन्यातले काका धडपडत बाहेर आले. अंगभर धुळीनं पिवळे, डोळे टोमॅटोसारखे.

"जिवंत आहात?"

"आहे वाटतं. तू कशी? विमान तर रद्द!"

"मी सकाळीच शेजारच्या अँतेपला उतरले. तिथून बसनं आले."

"पण मी तर सांगितलं होतं, हवा काचेसारखी आहे म्हणून!"

"म्हणूनच तिकीट बदललं," सेनेम म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं. "तीन वर्षं, जेव्हा जेव्हा मी म्हणाले रजा नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, बरं झालं, इथं धुळीनं जीव नकोसा झालाय. मी तिकडं मोबाईलवर बघायची, तर उर्फाचं आभाळ लख्ख! काल तीनदा काच काच केलंत, तेव्हाच समजले. तुमचा अंदाज चुकत नाही बाबा. फक्त मला सांगितलेला उलटा धरायचा."

काकांनी डोळ्यांकडे हात नेला.

"चोळू नका!" अख्खी गल्ली ओरडली.

"मिरचीचं आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी मनसोक्त रडून घेतलं. आज कुणी कारण विचारणार नव्हतं.

मिरच्या धुतल्या गेल्या, पुन्हा चिरायला नव्या आल्या, शेमसीची लोकर आठ दिवस लोकांच्या आमटीत सापडत राहिली. आठ दिवस संपले. नवव्या सकाळी हरानकडच्या टेकड्या इतक्या जवळ दिसत होत्या की हात लावावा, आणि कबुतरं गावभर उडत होती. खाली दारात सेनेमची भरलेली बॅग उभी होती. विमान अकराला.

"काका, पसरू का?"

काका दक्षिणेकडे बघत राहिले.

"आवरा," ते म्हणाले. "मोठी धूळ येतेय. विमानंसुद्धा उडायची नाहीत."

हमदियेनं निळंशार आभाळ बघितलं, मग खालची बॅग बघितली. तिचे हात मिरचीचे होते, म्हणून तिनं कोपरानं डोळे पुसले आणि गल्लीकडे वळून हाक दिली.

"पसरा गं सगळ्या!"