पास झाल्याचा पिवळा ठिपका

सव्वीस वर्षं मी पंपाच्या कारखान्यात माल तपासतो आहे, आणि या सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून एकही खराब पंप बाहेर गेलेला नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. माझी पद्धत साधी आहे. वस्तू हातात घ्यायची, उलटी करायची, खालून बघायची. वरून सगळंच छान दिसतं. रंग बघून माल पास करणारा माणूस तपासनीस नव्हे, गिऱ्हाईक! वस्तू पटली की तिच्या बुडाला पिवळ्या मार्करने एक ठिपका द्यायचा. ठिपका पडला की विषय संपला.

ही सवय कारखान्याच्या गेटवर ठेवून येता येत नाही. आमच्या मिक्सरखाली ठिपका आहे, खुर्च्यांना आहे, इस्त्रीला आहे, शेजाऱ्यांकडून चार दिवसांसाठी आणलेल्या शिडीलाही आहे. लग्नाला वीस वर्षं झाली त्या दिवशी बायको म्हणाली, "माझ्यावर कुठे टाकलाय तेवढं एकदा सांगून ठेवा." मी म्हटलं, तपासणी अजून चालू आहे. त्या दिवशी जेवण माझं मलाच वाढून घ्यावं लागलं.

तर अशा माणसाच्या मुलीने कॉलेज निवडायचं म्हणजे ते खरं कोणी निवडायचं, हे उघड होतं. लेकीला जीवशास्त्र शिकायचं होतं. लहानपणी ती डबक्यातलं पाणी बाटलीत भरून आणायची आणि भिंगाखाली त्याचा एकेक थेंब तासन् तास बघत बसायची. आम्हाला त्यात फक्त पाणी दिसायचं. तिला तिथे आख्खं गाव दिसायचं.

आमच्या शहरात दोन खासगी विद्यापीठं आहेत. एकाच रस्त्यावर, समोरासमोर. एकाच्या काचा निळ्या, दुसऱ्याच्या लाल, म्हणून आमच्या घरात त्यांची नावंही निळं आणि लाल. निळ्याच्या फलकावर लिहिलंय 'शहरातलं पहिलं', लालच्या फलकावर 'शहरातलं एकमेव'. दोन्ही फलक रात्रंदिवस एकमेकांकडे बघत उभे असतात आणि दोघांनाही लाज वाटत नाही. लेकीला दोन्हीकडे जागा मिळाली होती, आणि दोघांनीही होकारासाठी एकाच शुक्रवारची संध्याकाळी पाचची वेळ दिली होती.

तिसरं एक जुनं सरकारी कॉलेज होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. लेकीचा सगळा जीव तिथे. पण तिथे ती प्रतीक्षा यादीत दुसरी होती, आणि शिवाय ते कॉलेज मी नापास केलेलं होतं. दोन महिन्यांपूर्वी आम्ही बघायला गेलो होतो. गेटवर गंज, भिंतीला पोपडे, आणि फाटकाजवळच्या बाकाचा एक पाय गायब, त्या जागी विटा रचलेल्या. मी तिथूनच वळलो.

"बाबा, आत तरी चला," लेक म्हणाली.

"आत काय बघायचंय? बाहेर हे, तर आत काय असेल!"

माझं हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरायचा बराच प्रयत्न केला आहे.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी हातात टेप, खिशात भिंग, कानामागे पिवळा मार्कर अशा थाटात निळ्याच्या दारात हजर झालो. बरोबर लेक. निघताना तिने सांगितलं, "बाबा, जुन्या कॉलेजात आज दोन वाजता यादीची शेवटची फेरी आहे. नाव पुकारल्यावर हजर नसलं तर जागा पुढच्याला जाते. एक वाजता निघायचं."

"एकच्या आत निळ्याचा आणि लालचा निकाल हातात देतो," मी म्हटलं. "मग तिकडे जायची गरजच पडणार नाही."

निळ्याचा दर्शनी हॉल विमानतळासारखा चकचकीत होता. स्वागताला बसलेली बाई फोनवर होती. मी वेळ फुकट घालवत नाही. समोरची खुर्ची उचलली, उलटी केली, स्क्रू मोजले, भिंगातून वेल्डिंग बघितलं. ठीक होतं. ठिपका दिला. दुसरी खुर्ची उलटी केली. डोकं वर केलं तर बाईच्या हातातला फोन गळून पडायच्या बेतात, आणि तिच्यामागून कुलसचिव धावत येत होते. धावता धावता कोटाचं बटण लावत होते.

"सर, सर! आपण आज येणार हे कळवलंच नाहीत!"

मला वाटलं, काय ही अदब! एका पालकासाठी कुलसचिव धावतो! मी म्हटलं, "कळवून आलो तर तपासणी कसली?"

हे मी कारखान्यात रोज म्हणतो. पण ते ऐकून त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. मला उशिरा कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगतो. त्या आठवड्यात विद्यापीठांना मान्यता देणारी समिती कधीही, न सांगता येणार होती. आता खुर्च्या उलट्या करणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर समितीचा. कुलसचिवांनी माझ्या बाबतीत भला विचार केला.

"आणि या?" त्यांनी लेकीकडे बघितलं.

तेवढ्यात समोर कॉफी आली. बरोबर काजू, बिस्किटं आणि एक गुळगुळीत फाइल. माझी मुलगी, असं म्हणणार होतो. पण काजू मोठे होते. "या माझ्याबरोबर आल्यात," मी म्हटलं. लेकीने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर तिने आईकडून घेतली आहे.

मग सुरू झाला दौरा. पुढे मी, मागे कुलसचिव, त्यांच्यामागे चार माणसं फायली सांभाळत. मी दाराच्या बिजागऱ्या हलवून बघितल्या, चौघांनी टिपून घेतलं. मी "हं" म्हटलं, तेही टिपून घेतलं. सव्वीस वर्षांत कारखान्यात माझं "हं" कोणी टिपून घेतलं नव्हतं! मी चालताना छाती जरा जास्तच बाहेर काढतोय हे मला कळत होतं, पण आत जाईना.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बारा मायक्रोस्कोप मांडलेले होते. त्यांच्यामागे जाड चष्म्याचे, निळा टाय लावलेले एक प्राध्यापक उभे होते. मी एकेक मायक्रोस्कोप उलटा करून बघितला. जुने होते, पण काय माल होता! भरभक्कम, एकाही स्क्रूला खेळ नाही, भिंगावर ओरखडा नाही. बाराच्या बारा पास. बारा ठिपके. प्राध्यापकांशी हात मिळवताना मार्कर उघडाच राहिला आणि त्यांच्या बाहीच्या टोकाला तेरावा ठिपका पडला. ते म्हणाले, "असू दे, असू दे." समितीने अंगावर शाई सांडली असती तरी त्यांनी तेच म्हटलं असतं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "एक वाजायला आला."

समोर जेवणाची टेबलं लागत होती. कुलसचिव कान देऊन उभे होते. मी घसा साफ केला आणि कारखान्यातल्या आवाजात म्हणालो, "तपासणी अजून अपुरी आहे. मध्येच सोडता येणार नाही."

"ठीक आहे, साहेब," माझी मुलगी मला म्हणाली. आणि एकटीच निघून गेली.

तो 'साहेब' मला जेवताना टोचत राहिला. तरी मी जेवलो. जेवण दीड तास चाललं. पदार्थ संपले की नवे येत होते. मला उठूच द्यायचं नाही असं जणू ठरलेलं होतं. ते खरंच ठरलेलं होतं.

अडीचला मी रस्ता ओलांडून लालमध्ये गेलो. खुर्ची उचलायचीही गरज पडली नाही. दारातच त्यांचे कुलसचिव हात जोडून उभे. मी मनात म्हटलं, स्पर्धा असावी तर अशी! समोर पोचायच्या आत बातमी पोचते. सवयीने हॉलमधली खुर्ची तरी उलटी केली. खाली पिवळा ठिपका.

मी डोळे चोळले. दुसरी उलटी केली. तिलाही ठिपका! काजू जास्त झाले असतील, असं मी स्वतःला समजावलं. वर्ग, ग्रंथालय, सभागृह बघता बघता दोन तास गेले, मग प्रयोगशाळेत गेलो. बारा मायक्रोस्कोप मांडलेले. एक उलटा केला. ठिपका. दुसरा केला. ठिपका. पाठीमागे लालचे कुलसचिव नवा चकचकीत माल दाखवल्याच्या सुरात म्हणत होते, "सर, शहरात अशी यंत्रं फक्त आमच्याकडेच." आणि त्या यंत्रांमागे जाड चष्म्याचे, लाल टाय लावलेले एक प्राध्यापक उभे होते. त्यांनी हात पुढे केला. बाहीच्या टोकाला माझा तेरावा ठिपका!

मी हात सोडलाच नाही. कुलसचिव चहाचं बघायला गेले तसं प्राध्यापक माझ्या कानाशी वाकले.

"साहेब, जरा लवकर आटपा. मला पुन्हा पलीकडे तास आहे."

"म्हणजे दोन्ही विद्यापीठं एकच?"

"ठिपका तुम्ही ओळखलातच, आता लपवून काय! मालक एकच. मधल्या गल्लीतून दार आहे. तुम्ही जेवत होता तेव्हा सामान इकडे आणलं. टाय तेवढा बदलायचा असतो, तो मी गल्लीत बदलतो."

"आणि हे मायक्रोस्कोप? ते तरी निळ्याचे ना?"

"कसले निळ्याचे! मागून आणलेत. समिती येऊन गेली की परत द्यायचे."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. तीही बहुधा समोरून आणलेली असावी. सव्वीस वर्षांचा तपासनीस मी, सकाळपासून काजू खात एकाच माणसाचा एकच माल दोनदा तपासत होतो. घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वीस मिनिटांत लेकीसाठी निळं की लाल ते सांगायचं होतं, आणि दोन्हीत फरक होता तो फक्त टायचा! जुन्या कॉलेजातली फेरी कधीच संपली होती. तिथे तिचं नाव पुकारलं असेल तेव्हा तिचा बाप सँडविचचा दुसरा तुकडा उचलत असणार.

मी तिथून अक्षरशः पळालो. मागून कुलसचिव ओरडत होते, "सर, अभिप्राय! निदान दोन ओळी!" बाहेर येऊन फोन बघितला. सात कॉल येऊन गेले होते. समितीचा माणूस फोन बंद ठेवतो, म्हणून मीही आवाज बंद ठेवला होता. घरी लावला. बायकोने उचलला.

"लेक कुठाय?" मी विचारलं. "ऐक, दोन्ही बोगस आहेत. तिला सांग, मी चुकलो. पण पाचच्या आत काहीतरी एक..."

"ओरडू नका. ती झोपलीय."

"झोपलीय?"

"दमलीय हो पोर. बस बदलून बदलून दोनला पाच कमी असताना पोचली. यादीतली पहिली मुलगी आलीच नाही, हिचा नंबर लागला. पालकाची सही हवी होती म्हणून सात वेळा फोन केला तुम्हाला. शेवटी मी गेले आणि केली सही."

मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. एका बाजूला 'शहरातलं पहिलं', दुसऱ्या बाजूला 'शहरातलं एकमेव'. खूप हलकं वाटलं आणि तितकीच लाज वाटली.

"तुम्ही जेवलात का?" बायकोने विचारलं. या प्रश्नाचं उत्तर मी आजवर दिलेलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. कॉलेज सुरू झालं, आणि पहिल्याच आठवड्यात लेक घरी येऊन माझ्यासमोर बसली.

"बाबा, आमच्या प्रयोगशाळेत बारा मायक्रोस्कोप आहेत."

"बरं."

"बाराच्या बारांना खालून पिवळा ठिपका आहे."

मी पेपर तोंडासमोर धरला. तिने तो खाली केला.

"प्रयोगशाळेचे काका सांगत होते, खासगी विद्यापीठवाले दर वर्षी तपासणीच्या आधी आमचे मायक्रोस्कोप मागून नेतात. वरून फोन येतो, द्यावे लागतात. यंदा परत आले तर सगळे रंगवलेले. काका फार चिडलेत. ठिपके खरवडायचं काम आम्हा पहिल्या वर्षाला दिलंय. मी म्हटलं, माणूस माझ्या ओळखीचा आहे, त्यालाच आणते."

असा मी शनिवारी त्या कॉलेजच्या आत पहिल्यांदा गेलो, खिशात ब्लेड घेऊन. फाटकाजवळच्या विटांच्या बाकावर आधी जरा बसून बघितलं. हलला नाही. आत प्रयोगशाळेच्या पोपडे आलेल्या भिंतीखाली मुलं मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली होती आणि कोणाचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी कोपऱ्यात बसून अकरा ठिपके खरवडले. बारावा लेकीने खरवडू दिला नाही.

"हा राहू दे. आमच्या कॉलेजातली तुम्ही पास केलेली एवढी एकच वस्तू असू दे."

मग काका आले. पिकलेल्या मिश्यांचे, कमी बोलणारे. त्यांनी माझं काम हातात घेतलं, उलटं केलं, खिशातून भिंग काढून खालून नीट बघितलं. नंतर दुसरं उलटं केलं, तिसरं केलं. मी ब्लेड पुसत बाजूला उभा होतो.

"यातले चार नापास," ते म्हणाले. "कडेला रंग राहिलाय. पुन्हा घासा."